ब्रुगमॅन्सियाचं पान कुणी बिघडवलं?

कुंडीतल्या ब्रुगमॅन्सिया या फुलझाडाचं खालचं एखादं जुनं पान निवडा. त्याच्याखाली पांढरा कागद धरा आणि पानावर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर बारीक कण पडतील. आता मनात वीसपर्यंत आकडे मोजा. धूळ असेल तर जागची हलणार नाही. पण त्यातले काही कण सावकाश चालू लागले, तर पानामागे कोळी आहेत, म्हणजे घरात जाळी विणणारा कोळी नव्हे, तर पानातला रस शोषणारी बारीक कीड. अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढाच दिसतो, पण चालायला लागला की लपत नाही.

हे एवढं करायचं, आणि मगच औषधाच्या बाटलीला हात लावायचा. माझं कळकळीचं सांगणं आहे ते इतकंच. ब्रुगमॅन्सियाची जेवढी झाडं किडीमुळे हातची जातात, तेवढीच चुकीच्या औषधामुळेही जात असतील असं मला वाटतं.

ब्रुगमॅन्सिया धोतऱ्याच्या नात्यातला. धोतऱ्याची फुलं वर तोंड करून उमलतात आणि फळाला काटे असतात. याची फुलं हातभर लांब कर्ण्यासारखी खाली लोंबतात आणि फळ बिनकाट्याचं असतं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, मुख्यतः अँडीज पर्वताच्या उतारांवरचं. डच निसर्गअभ्यासक ब्रुगमान्स यांच्यावरून 1805 मध्ये त्याला हे नाव मिळालं. आज याच्या सगळ्या प्रजाती निसर्गातून नामशेष झाल्याची नोंद आहे. उरल्यात त्या माणसाने लावलेल्या, सांभाळलेल्या. त्यामुळे कुंडीतलं एक झाड वाचवणं मला क्षुल्लक वाटत नाही.

झाड नखशिखांत विषारी आहे. स्कोपोलामिन, हायोसायमिन, अ‍ॅट्रोपिन ही द्रव्यं त्याच्या पानाफुलांत असतात. तरीही कोळी, मावा आणि पांढरी माशी त्यावर खुशाल पोसतात. मिरची, वांगी, टोमॅटो हे याचेच भाऊबंद, त्यामुळे त्यांच्या बहुतेक किडी इथेही हजेरी लावतात. त्यात पानं मोठी, मऊ आणि रसाळ. झाड खादाड म्हणून आपण नत्राचं खत सढळ हाताने घालतो, आणि मग ती आणखी लुसलुशीत होतात. कुंडी तापलेल्या भिंतीशी किंवा छपराखाली असेल तर पावसाने पानं धुतली जात नाहीत आणि कोरड्या उष्ण हवेत कोळ्यांचं फावतं.

निदानाचे पहिले दोन प्रश्न साधे आहेत. खराबी जुन्या पानांवर आहे की कोवळ्या शेंड्यावर? आणि पान कुरतडलंय की त्यातला रस शोषलाय?

जुन्या पानांवर बारीक फिकट ठिपके, दुरून पान धुरकट आणि निस्तेज, मागच्या बाजूला शिरांच्या बेचक्यात तलम जाळी, ही कोळ्यांची खूण. कोळी सुईसारखं तोंड एकेका पेशीत खुपसून आतला ऐवज काढून घेतो. रिकामी झालेली जागा फिकट ठिपका होऊन दिसते. म्हणजे ठिपके मोजले तर त्याची जेवणं मोजल्यासारखंच. हवेचं तापमान 27 ते 30 अंशांवर असेल तर अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून सोमवारी बरं वाटलेलं झाड पुढच्या आठवड्याअखेर जाळ्यांनी भरलेलं दिसतं.

उपाय पाण्यापासून सुरू करा. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांआड. जास्त खराब पानं काढून टाका. तरी भागलं नाही, तर कीटकनाशक साबणाचं द्रावण. पण ते ज्या जिवाला भिजवतं त्यालाच मारतं, वाळलं की त्याचा असर संपतो, आणि अंडी त्यातून बचावतात. म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने किमान तीनदा फवारावं लागतं. ब्रुगमॅन्सियाची पानं साबण आणि तेलाला नाजूक असतात, तेव्हा आधी एका पानावर करून दोन दिवस बघा. भर उन्हात फवारणी नको.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कोळ्याला कीटक समजणं. कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय, तो कोळीष्टकं विणणाऱ्या कोळ्यांच्या गोतावळ्यातला. माव्यावर चालणारं इमिडाक्लोप्रिड त्याला मारत नाही. पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर कोळ्यांना खाणारे मित्रजीव आधी मारतात, आणि फवारणीनंतर कोळी उलट वाढतात. कोळ्यांसाठी कोळीनाशकच हवं. अबामेक्टिन पानाच्या आत मुरतं, त्यामुळे मागच्या बाजूला लपलेल्यांपर्यंतही पोचतं. बंदिस्त काचघरात फायटोसियुलस नावाचे शिकारी कोळी सोडले तर ते याच कोळ्यांवर जगतात. मात्र त्याआधी विषारी औषध मारलेलं नसावं.

आता जरा अवघड प्रकरणाकडे.

माझ्या एका झाडाचे शेंडे अचानक आखडले. नवी पानं अरुंद, कडक, कडा खालच्या बाजूला वळलेल्या, मागचा भाग तपकिरी आणि चकचकीत. कळ्या बोटभर होण्याआधीच वाकड्या होऊन गळत होत्या. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. मला अन्नद्रव्यांची कमतरता वाटली, म्हणून खत वाढवलं. मग माव्यावरचं औषध घातलं. दोन महिने गेले. शेवटी आखडलेला एक शेंडा कापून भिंगाखाली धरला, तेव्हा शिरेलगत अगदी इवलीशी, पारदर्शक, लांबट अंडी दिसली आणि त्यांच्या पाठीवर पांढऱ्या टिंबांच्या ओळी. मोती जडवल्यासारख्या. त्या टिंबांनी कोडं सोडवलं. ही त्याच कोळ्याची अंडी, ज्याच्यामुळे मिरचीचे शेंडे चुरडतात. हा कोळी 0.2 मिलिमीटरचा असतो, जाळी विणत नाही आणि कागदावरच्या परीक्षेतही हाती लागत नाही. दहापट भिंगालासुद्धा तो कसाबसा दिसतो. वीसपट असेल तर उत्तम.

याचं खाणं थोडं, पण लाळेतून झाडात जाणारं द्रव्य वाढणाऱ्या पेशींना बिघडवतं. आज कोंबात झालेली इजा पान उलगडल्यावर, म्हणजे कित्येक दिवसांनी दिसते. तोवर कोळी पुढच्या कोंबात गेलेला असतो, म्हणून पूर्ण वाढलेल्या वाकड्या पानावर शोधलं तर काहीच सापडत नाही. शोध घ्यायचा तो सगळ्यांत कोवळ्या, अजून मिटलेल्या पानांत. हे कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, हेही लक्षात ठेवावं.

मिरचीवाल्यांचा एक ठोकताळा इथेही उपयोगी पडतो: पान खाली वळलं तर बहुधा कोळी, कडा वर होडीसारख्या उचलल्या तर बहुधा फुलकिडे.

उपाय म्हणून आधी आखडलेले शेंडे कापून थेट पिशवीत बंद करा. पण कापताना ब्रुगमॅन्सियाची एक गोष्ट सांभाळायची. हे झाड आधी सरळ एका खोडाने वाढतं, मग त्याला बेचकं फुटतं, आणि फुलं त्या बेचक्यावरच्या फांद्यांनाच येतात. बेचक्याच्या खाली छाटलं तर झाडाला पुन्हा बेचक्यापर्यंत वाढावं लागतं आणि बहर लांबतो. छाटणीनंतर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची किंवा अबामेक्टिनची फवारणी, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा, लेबलावरच्या प्रमाणातच. हवा 32 अंशांच्या वर असताना गंधक नको, आणि गंधकाच्या आगेमागे निदान दोन आठवडे कडुनिंबाचं किंवा दुसरं कुठलंही तेल नको, पानं भाजतात. आधीची वाकडी पानं सरळ होत नाहीत. फवारणीनंतर उगवलेलं पान नीट आलं का, तेवढंच बघायचं.

कोळीनाशक नीट मारूनही नवी पानं वाकडी, आणि त्यांवर गडद-फिकट हिरव्याचं चित्रविचित्र ठिगळकाम दिसत असेल, तर विषाणूचा संशय घ्या. त्यावर औषध नाही. झाड वेगळं ठेवा, त्याची कात्री दुसऱ्या झाडाला लावू नका, कलम तर मुळीच करू नका.

बाकीच्या किडी ओळखायला सोप्या. पानं चिकट, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी, खोडावर मुंग्यांची रांग: वर मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण असणार. झाड हलवल्यावर पांढरा भुरका उडाला तर माशीच. पिवळे चिकट सापळे तिची संख्या सांगतात, पण एकटे तिला आवरत नाहीत, साबण लागतोच. मुंग्यांची वाट तोडा, कारण चिकट रसासाठी त्या माव्याची राखण करतात.

पानाला भोकं असतील तर दिवसा शोधत बसू नका. रात्री विजेरी घेऊन जा. चकाकता ओघळ दिसला तर गोगलगाय किंवा शेंबी (बिनशंखाची गोगलगाय), काळ्या लेंड्या दिसल्या तर अळी. हाताने वेचणं पुरतं. भोकांनी झाड मरत नाही.

भर दुपारी पानं लोंबली तर घाबरू नका. संध्याकाळी ती ताठ झाली तर झाड निरोगी आहे. माती ओली असूनही सकाळी पानं मरगळलेली दिसली, तर मात्र झाड कुंडीतून बाहेर काढून मुळं बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, पांढरा कापसासारखा थर असेल तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण, आणि काळी, मऊ, वास मारणारी मुळं म्हणजे पाण्याने केलेली कुज.

हे सगळं हातमोजे घालूनच करा. छाटताना बोटांना लागलेला रस डोळ्याला लागला, तर बाहुली विस्फारते, जवळचं धूसर दिसतं आणि हे एखादा दिवस किंवा त्याहूनही जास्त टिकू शकतं. डोळा लगेच पाण्याने धुवा, आणि डॉक्टरांना झाडाचं नाव आवर्जून सांगा. एकाच डोळ्याची बाहुली मोठी दिसली की त्यांना आधी मेंदूच्या गंभीर दुखण्याची शंका येते.