अमोनियाचे कारंजे

अमोनियाचे कारंजे हे रसायनशास्त्राच्या वर्गात शिक्षकाने करून दाखवायचे प्रात्यक्षिक आहे. अमोनियाने भरलेल्या उलट्या चंबूत थोडे पाणी सोडले की खालच्या चंचुपात्रातले पाणी काचनळीतून वर चढते आणि चंबूत कारंज्यासारखे उडते. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन (आम्लारीत गुलाबी होणारा दर्शक) असेल तर खालचे रंगहीन पाणी वर पोहोचताच गुलाबी होते. वायूची विद्राव्यता, त्याचा आम्लारिधर्मी गुण आणि हवेचा दाब अशा तीन गोष्टी एका मिनिटात डोळ्यांसमोर येतात.

२० अंश सेल्सिअसला पाणी आपल्या आकारमानाच्या सुमारे ७०० पट अमोनिया विरघळवते. हवेचा दाब सुमारे १० मीटर उंचीचे पाणी तोलून धरतो. नळीचे वरचे टोक पाण्याच्या पातळीपासून ३० सेंटिमीटर उंच असेल, तर चंबूतला दाब तीन टक्के उतरला तरी पाणी तिथवर येते. ५०० मिलिलिटरच्या चंबूत त्यासाठी १५ मिलिलिटर वायू विरघळणे पुरे, आणि ते काम पाण्याचा एक थेंब करू शकतो. पाणी आधी संथ चढते. पहिले थेंब टोकातून बाहेर पडले की तेही वायू विरघळवू लागतात, दाब आणखी उतरतो आणि धार एकदम जोर धरते.

पण थेंबाची हीच ताकद तयारीत घात करते. चंबूच्या आत एक मिलिलिटर पाणी राहिले, तर चंबूभर अमोनिया विरघळवायला तेवढे पुरते. वायू बराच वेळ सोडला तरी चंबू नीट भरत नाही. फसलेल्या प्रयोगात पहिला संशय ओल्या चंबूवरच घ्यावा. पावसाळ्यात तर चंबू आदल्या दिवशी धुऊन ठेवला तरी सुकलेला नसतो. तो ओव्हनमध्ये सुकवावा, किंवा थोड्या ॲसिटोनने विसळून त्यात हवा फुंकावी. त्या वेळी जवळ ज्योत नको.

वायूसाठी ५ ग्रॅम नवसागर (अमोनिअम क्लोराइड) आणि ८ ग्रॅम विरलेला चुना कोरडाच खलून जाड परीक्षानळीत घेतात. हिशेबाने ५०० मिलिलिटर वायूला जेमतेम सव्वा ग्रॅम नवसागर लागतो. पण चंबूतली हवा हुसकावायला जास्तीचा वायू हवा. नवसागराच्या जागी अमोनिअम नायट्रेट कधीही घेऊ नये, तापवल्यावर स्फोटाचा धोका असतो. परीक्षानळीचे तोंड किंचित खाली झुकलेले ठेवावे, नाहीतर क्रियेत तयार होणारे पाणी तापलेल्या काचेवर ओघळते आणि नळी तडकते. उघडा राहिलेला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निकामी होतो. चिमूटभर चुन्यावर विरल आम्ल टाकून पाहावे. जोरात फसफसला तर तो बदलावा.

वायू चुनकळीच्या खड्यांवरून नेऊन सुकवतात. सल्फ्युरिक आम्ल इथे चालत नाही, ते अमोनियाशी संयोग पावून अमोनिअम सल्फेट बनवते. निर्जल कॅल्शिअम क्लोराइडही अमोनिया धरून ठेवते. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून चंबू उलटा धरून नळी पार वरपर्यंत न्यावी. तोंडाशी धरलेला ओला तांबडा लिटमस निळा झाला म्हणजे चंबू भरला, असे समजून घाई होते. थोडा वायू बाहेर आला तरी लिटमस निळा होतो, म्हणून त्यानंतर आणखी अर्धा मिनिट थांबावे. मग चंबू उलटाच ठेवून दोन भोकांचे रबरी बूच घट्ट बसवावे. एका भोकात सुमारे १ मिलिमीटर तोंडाची निमुळती काचनळी, दुसऱ्यात पाणी भरलेला ड्रॉपर.

चंबू गोल बुडाचाच हवा. आत दाब उतरल्यावर बाहेरची हवा काच दाबते आणि सपाट बुडाची कड तो भार सहन करत नाही. बारीक तडा दिसला तर चंबू बाजूला काढावा. शिक्षकाने सुरक्षा चष्मा लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पहिला बाक जरा मागे सरकवावा.

‘अमोनिया पाणी ओढून घेतो’ हे उत्तर वर्गात हमखास येते, आणि ते तसेच सोडून पुढे जाऊ नये. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. चंचुपात्राऐवजी जवळजवळ काठोकाठ भरलेली, बुचाने हवाबंद केलेली बाटली घेऊन प्रयोग पुन्हा केला, तर कारंजे लवकरच मंदावते. बूच सैल करताच पुन्हा उसळते. इतके स्पष्ट उत्तर फळ्यावरच्या आकृतीतून मिळत नाही.

कारंजे थांबल्यावर चंबूत उरलेला बुडबुडाही मोजण्यासारखा असतो. तो मुख्यतः आधीच राहून गेलेल्या हवेचा असतो. बुडबुडा ५० मिलिलिटर निघाला, तर ५०० मिलिलिटरच्या चंबूत अमोनिया साधारण ९० टक्के भरला होता.

फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर हळदीचा स्पिरिटमधला अर्क पाण्यात घालावा. पिवळे पाणी वर लालसर होते. हायड्रोजन क्लोराइडनेही असे कारंजे होते. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने चंबू सरळ ठेवून भरतात, आणि पाण्यात घातलेला निळा लिटमस वर तांबडा होतो.