गाजर, गोळ्या आणि न सुटणारा कचरा

परवा मंडईत गाजरं निवडताना शेजारच्या काकू भेटल्या. बारा वर्षांच्या नातवाला फळ्यावरचं दिसेना, म्हणून त्यांनी रोज दोन गाजरं आणि वर 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. चष्मा दोनदा बदलला, फरक शून्य. शाळेतल्या बाई म्हणाल्या, नाटक करतोय. शेवटी निदान झालं स्टारगार्ट या डोळ्याच्या आनुवंशिक आजाराचं, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा गोळ्याच बंद केल्या. काकूंचा अजून विश्वास बसलेला नाही.

बसायला हवा. कारण मोठं गमतीचं आहे.

दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, प्रकाशसंवेदी पेशींच्या टोकाला चकत्यांची चळत असते. त्यांतल्या ऑप्सिन या प्रथिनात 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल हा वाकडा रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा कण आदळला की तो सरळ होतो; पाहण्याची सुरुवात ती एवढीच. सरळ झालेला रेटिनल मात्र बिनकामाचा आणि थोडा विषारीही असतो. त्याला बाहेर काढून पुन्हा वाकवावं लागतं. यातला काही भाग चकतीच्या पटलातल्या एका मेदरेणूला चिकटून आतच अडकतो. त्याला बाहेरच्या बाजूला लोटणारा हमाल म्हणजे एबीसीए४ हे प्रथिन.

हमाल कामावर नसेल, तर अडकलेल्या रेटिनलला दुसरा रेटिनल येऊन चिकटतो आणि दोन शेपट्यांचा रेणू तयार होतो. चळतीचा साधारण दहावा भाग रोज मागची रंगद्रव्य-पेशी गिळून पचवते, पण ए२ई हे या जोडरेणूचं पुढचं रूप तिला पचत नाही. ते साठत राहतं. फुरसुंगीच्या कचरा डेपोची गोष्ट पुणेकरांना वेगळी सांगायला नको. शेवटी ही पेशी मरते, आणि तिच्या जिवावर जगणाऱ्या प्रकाशसंवेदी पेशीही जातात. वरून 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणजे कचऱ्यालाच कच्चा माल. जेवणातल्या गाजराची भीती नको, गोळ्यांची हवी.

कार्ल स्टारगार्ट यांनी हा आजार 1909 मध्ये नोंदवला. एबीसीए४ बनवणारं, या आजारात बिघडलेलं जनुक सापडायला 1997 उजाडलं. दर आठ-दहा हजारांत एकाला तो होतो. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच होतो, त्यामुळे आईबापांची नजर सहसा ठणठणीत असते. आधी मधली नजर धूसर होते, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला वेळ लागतो. लहानपणी सुरू झाला तर सहसा वेगाने वाढतो. बऱ्याच जणांची नजर 6/60 च्या आसपास येऊन थांबते, म्हणजे इतरांना 60 मीटरवरून दिसतं ते यांना 6 मीटरवरून. कडेची बहुधा शाबूत राहते.

सूर्याकडे बघत त्राटक केलं की नजर परत येते, असा निरोप काकूंना कुणीतरी पाठवलाय. सूर्याकडे टक लावली तर निरोगी दृष्टिपटलसुद्धा भाजतं. इथे तर उजेडच कचरा वाढवतो. 'जनुकोपचार आला' म्हणून नाचणाऱ्यांनीही एवढं बघावं: चांगलं जनुक पेशीत पोचवायला नेहमी वापरतात त्या विषाणूत डीएनएची साधारण 4,700 अक्षरं मावतात आणि या जनुकाचा मजकूर आहे 6,800 अक्षरांचा. तो दोन तुकड्यांत नेण्याचे प्रयोग चालू आहेत.

नातू हल्ली स्टॉपवर बसच्या टपाकडे बघतो. नंबराकडे रोखून पाहिलं तर नंबरच पुसला जातो. टपाकडे बघितलं की खालचा थोडाफार दिसतो. बाईंशी बोलतानाही तो त्यांच्या कानाकडे बघतो. पूर्वी त्याबद्दल ओरडा बसायचा.