रस्ता दिसतो, मग सायकलला दिवा कशाला?

“मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत खांबांवर दिवे आहेत, मग सायकलला वेगळा दिवा कशाला?” रत्नागिरीत हे वर्षानुवर्षं ऐकतोय. हा समज चुकीचा आहे. शहरात सायकलचा दिवा रस्ता बघायला कमी आणि आपण इतरांना दिसावं म्हणून जास्त लागतो.

काहींची सगळी भिस्त मागच्या लाल रिफ्लेक्टरवर. पण त्याला स्वतःचा उजेड नसतो. गाडीचा झोत पडला तरच तो चमकतो, तेही जिकडून झोत आला तिकडेच. गल्लीतून आडव्या येणाऱ्या रिक्षावाल्याला तो दिसतच नाही. आणि आषाढात? परवा माझा रिफ्लेक्टर पुसला, तर बोटाला तांबड्या चिखलाचा जाड थर आला. त्याखालून काय चमकणार!

ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे येते. काचेवर पाऊस, समोरून दुसऱ्या गाडीचा झोत. अशात चालकाला तुम्ही एक सेकंद उशिरा दिसलात, तरी तेवढं अंतर गेलंच.

पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावा. पुढचा किंचित खाली झुकवा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. आणि रेनकोटचा घोळ मागच्या दिव्यावर लोंबत नाही ना, तेवढं निघताना बघा.