एरिक ड्रेक्सलर

एरिक ड्रेक्सलर (जन्म १९५५) हा अमेरिकन इंजिनिअर आणि लेखक. नॅनोटेक्नॉलॉजी (अणू-रेणूंच्या पातळीवर वस्तू घडवण्याचं तंत्र) हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो याने, शब्द त्याचा नसला तरी (जपानच्या नोरिओ तानिगुचींनी तो १९७४ मध्येच वापरला होता). पण त्याच्या करिअरची खरी गंमत वेगळीच आहे. टेक्नॉलॉजी अजून कुठेच अस्तित्वात नसताना तिचे धोके आपणच पुढे होऊन सांगायचे आणि तरीही ती यावी म्हणून जन्मभर खपायचं, ही दोन्ही कामं त्याने एकदमच अंगावर घेतली, आणि त्यातलं पहिलं त्याला चांगलंच महागात पडलं.

सुरुवात अंतराळापासून झाली. सत्तरच्या दशकात पृथ्वीवरची साधनसंपत्ती संपणार अशी जोरात चर्चा होती, तेव्हा एमआयटीत शिकणारा ड्रेक्सलर भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांच्या अंतराळ वसाहतींच्या कल्पनेकडे ओढला गेला, सौर शिडांवर (सूर्यप्रकाशाच्या दाबावर यान ढकलणाऱ्या पातळ पडद्यांवर) वगैरे काम केलं. मग त्याचं लक्ष उलट्या दिशेला, म्हणजे रेणूंकडे वळलं. आपल्या पेशीतला रायबोसोम सूचनेबरहुकूम एकेक अमिनो आम्ल जोडून प्रोटीन तयार करतो, म्हणजे रेणूंच्या पातळीवरचं मशीन निसर्गात आधीच चालू आहे, मग माणसाने डिझाइन केलेली तशी मशीन्स का नसावीत, असा त्याचा साधारण युक्तिवाद. १९८१ मध्ये यावर त्याचा पेपर आला.

१९८६ मध्ये आलेल्या ‘एंजिन्स ऑफ क्रिएशन’ या पुस्तकाने तो गाजला. अणू-रेणू हवे तिथे बसवणारे ‘असेंबलर’ आणि स्वतःच्याच प्रती काढणारे ‘रेप्लिकेटर’ यांचं चित्र त्याने रंगवलं, आणि त्याच पुस्तकात हेही लिहून ठेवलं की असा रेप्लिकेटर हाताबाहेर गेला तर सगळी जीवसृष्टी खाऊन टाकेल. यालाच ‘ग्रे गू’ म्हणतात. पुस्तकात त्याला जागा तशी थोडीच आहे, उपाय म्हणून खुली चर्चा, तज्ज्ञांकडून दाव्यांची जाहीर तपासणी, हायपरटेक्स्टवर, म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या मजकुरावर, चालणारी टीका (वेब यायच्या आधी हं!) यावर बरीच जास्त पानं आहेत, पण लोकांच्या लक्षात काय राहिलं ते उघड आहे. त्याच वर्षी त्याने तेव्हाची पत्नी क्रिस्टीन पीटरसन हिच्यासोबत फोरसाइट इन्स्टिट्यूट काढली, येणाऱ्या टेक्नॉलॉजीसाठी समाजाने आधीच तयारी करावी म्हणून. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवणारी पीटरसन ती हीच.

नुसता स्वप्नाळू लेखक म्हणून त्याला झटकून टाकणं मात्र बरोबर नाही. १९९१ मध्ये एआयच्या क्षेत्रातले अग्रणी मार्विन मिन्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने एमआयटीतून पीएचडी केली आणि १९९२ च्या ‘नॅनोसिस्टम्स’मध्ये उष्णतेमुळे होणारी थरथर, घर्षण, चुकांचं प्रमाण असं सगळं गणित मांडलं. ते पुस्तक फारच कमी टीकाकारांनी नीट वाचलंय असं वाटतं.

२००० साली सन मायक्रोसिस्टम्सचे सहसंस्थापक बिल जॉय यांनी ‘वायर्ड’ मासिकातल्या लेखात अशा टेक्नॉलॉजीवरचं संशोधनच आवरतं घ्या असं सुचवलं आणि ड्रेक्सलरचीच भीती ड्रेक्सलरच्या विरोधात उभी राहिली. फोरसाइटने त्याच सुमारास मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, म्हणजे रेप्लिकेटर मोकळ्या निसर्गात जगूच शकणार नाही असा बनवा, निसर्गात न मिळणाऱ्या इंधनावर त्याला अवलंबून ठेवा, त्याचा आराखडा असा एन्क्रिप्ट करा की कॉपी करताना चूक झाली तर आराखडाच निकामी होईल. बंदीपेक्षा डिझाइनमध्येच लगाम घालायचा, हा ड्रेक्सलरचा खरा सूर. पण नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली यांना मुळात असेंबलरच अशक्य वाटत होता (अणू पकडणारी बोटं फार जाड आणि फार चिकट होतील, हा त्यांचा प्रसिद्ध आक्षेप), आणि २००३ च्या जाहीर वादात त्यांनी तुम्ही आमच्या मुलांना घाबरवलंत असंही सुनावलं. त्याच वर्षी अमेरिकेत नॅनोटेक्नॉलॉजी संशोधनाचा कायदा झाला, पैसाही भरपूर आला, पण तो बहुतेक मटेरियल्स आणि केमिस्ट्रीकडे गेला, ड्रेक्सलरच्या रेण्वीय उत्पादनाच्या (रेणू हवे तसे जोडून वस्तू बनवण्याच्या) वाट्याला जवळजवळ काही नाही. सुरक्षेची चर्चाही सरकली, २००४ मधल्या ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या अहवालाने खरी काळजी नॅनोकणांच्या विषारीपणाची आहे असं म्हटलं, आणि ते रास्तच होतं.

२००४ मध्येच नॅनोटेक्नॉलॉजीचा अभ्यासक ख्रिस फीनिक्ससोबत लिहिलेल्या पेपरमध्ये ड्रेक्सलरने भूमिका नेमकी केली: मोकळं फिरणारं, स्वतःची प्रत काढणारं यंत्र मुळात लागतच नाही. टेबलावर मावेल असा कारखाना पुरतो, ज्यातले भाग जागेवर घट्ट बसवलेले असतात आणि बाहेर काढले तर त्यांना काहीच करता येत नाही. हे आधी सांगितलं असतं तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

पुढे तो ऑक्सफर्डच्या फ्यूचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूटमध्ये (ही २०२४ मध्ये बंद झाली) एआयकडे वळला. विषय बदलला तरी विचार तोच दिसतो. २०१९ च्या त्याच्या अहवालात म्हटलंय की अतिबुद्धिमान एआय म्हणजे स्वतःची उद्दिष्टं असलेला एकच सर्वशक्तिमान एजंट असं धरून चालायची गरज नाही, वेगवेगळी ठरावीक कामं करणाऱ्या सेवांचा संच असला तरी तेवढीच क्षमता मिळू शकते आणि त्यातल्या प्रत्येकीवर लक्ष ठेवणं सोपं जातं. यावर आक्षेप असा घेतला जातो की स्वतःहून निर्णय घेणारे एजंट जास्त सोयीचे आणि फायद्याचे ठरले तर लोक तेच बनवणार. नॅनोकारखान्याच्या बाबतीत मोकळा रेप्लिकेटर बनवणंच जास्त अवघड आणि कमी कामाचं होतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न आला नव्हता, एआयमध्ये मात्र तो आलाय.