कॅरो-कान बचाव

कॅरो-कान बचाव हे बुद्धिबळात राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवण्याच्या खेळीला काळ्याने द्यायचे एक भक्कम उत्तर आहे. पांढऱ्याच्या ई४ ला (स्तंभाचे अक्षर आणि ओळीचा अंक मिळून घराचे नाव होते) काळा सी६ ने उत्तर देतो आणि डी४ नंतर डी५ खेळून पटाच्या मध्यावर आपला हक्क सांगतो. होरेशियो कॅरो आणि मार्कस कान यांनी १८८६ मध्ये या खेळ्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव रूढ झाले. त्याच्या आदल्या वर्षी हॅम्बुर्ग येथे कानने याच बचावाने जर्मन खेळाडू मीझेसला २४ खेळ्यांत हरवले होते. पुढे कापाब्लांका, बोटविनिक, पेट्रोशियन आणि कार्पोव्ह या जगज्जेत्यांनी तो वापरला.

या बचावामागचा विचार फ्रेंच बचावाशी ताडून पाहिला की उमगतो. फ्रेंच बचावात, म्हणजे ई४ ला ई६ ने उत्तर देण्यात, ई६ खेळल्यामुळे वजिराच्या बाजूचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. कॅरो-कानमध्ये डी५ ला सी६ चा आधार मिळतो आणि उंटाची वाट मोकळी राहते. किंमत मात्र मोजावी लागते. घोड्याचे सी६ हे हक्काचे घर अडते, आणि तेच प्यादे पुढे सी५ वर न्यायचे झाले तर एक खेळी वाया जाते. इंदूरसारख्या शहरातील मराठी घरांत ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून देशी पद्धतीचा खेळ शिकला, त्यांना एका घराची ही सावध पहिली खेळी परकी वाटू नये, कारण देशी पद्धतीत प्यादे बहुधा सुरुवातीलाही एकच घर सरकते. मोहऱ्यांच्या नावांचीही अडचण येत नाही : हत्ती, उंट, घोडा, वजीर ही नावे मराठीत आणि हिंदीत जवळपास सारखीच आहेत, फरक जाणवतो तो राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्यासाठीच्या ‘किल्लेकोट’ आणि ‘किलेबंदी’ यांसारख्या शब्दांत.

मुख्य शाखेत पांढरा घोडा सी३ वर आणतो, काळा ई४ वरचे प्यादे मारतो, पांढऱ्याचा घोडा ते परत घेतो आणि काळा उंट एफ५ वर काढतो. पांढरा एच-प्यादे पुढे रेटून त्या उंटाला मागे हटवतो व शेवटी उंटांची मारामारी होते. पांढऱ्याकडे जागा अधिक असते, पण एच५ पर्यंत गेलेले ते प्यादे डावाच्या अंतिम टप्प्यात सांभाळणे जड जाऊ शकते. काळ्याच्या प्याद्यांत मात्र कच्चा दुवा नसतो आणि योग्य वेळी सी५ खेळून तो डी४ चा आधार सैल करू पाहतो.

पांढऱ्याने तिसऱ्या खेळीत ई५ खेळून प्यादे पुढे दामटले तर या बचावाचे खरे रूप दिसते. १९६१ च्या परतीच्या सामन्यात तालने बोटविनिकविरुद्ध हाच मार्ग अनेकदा धरला, पण जगज्जेतेपद बोटविनिकने १३-८ असे परत मिळवले. येथे काळा मध्यावर थेट झुंजत नाही. तो उंट बाहेर काढतो, ई६ खेळतो आणि मग सी५ ने पांढऱ्या प्याद्यांच्या साखळीच्या मुळावर, म्हणजे डी४ वर, घाव घालतो. इंदूरकराला येथे १८०४ ची मोहीम आठवेल : रसदेपासून फार पुढे आलेल्या कर्नल मॉन्सनच्या फौजेला यशवंतराव होळकरांनी मुकुंदरा खिंडीकडून थेट आग्र्यापर्यंत माघार घ्यायला लावली. ही उपमा ओढूनताणून आणल्यासारखी वाटली, तरी लांबलेल्या फळीचा पायाच उघडा पडतो हे दोन्हीकडे खरे आहे.

प्याद्यांची अदलाबदल करणारी शाखा तुलनेने शांत असते. तिच्यात काळा वजिराच्या बाजूला बी-प्यादे पुढे नेऊन सी३ वर दाब आणतो. पानोव्ह हल्ल्यात मात्र पांढरा सी४ खेळून डाव खुला करतो आणि बहुतेकदा डी४ वरचे एकाकी, म्हणजे शेजारच्या स्तंभांत आपले प्यादे नसलेले, प्यादे पत्करतो, तेव्हा काळ्याने डी५ वर घोडा बसवून ते जागच्या जागी रोखणे हाच उपाय ठरतो.

भक्कम म्हणून बेसावध राहता येते असे नाही. मुख्य शाखेत चौथ्या खेळीला काळ्याने उंटाऐवजी घोडा डी७ वर आणल्यावर पांढऱ्याने वजीर ई२ वर ठेवला आणि काळ्याने सवयीने दुसरा घोडा एफ६ वर काढला, तर पांढरा घोडा डी६ वर येऊन तिथेच मात करतो. ई७ वरचे प्यादे वजिराच्या रेषेत अडकलेले असल्याने त्या घोड्याला मारू शकत नाही. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सहाव्या डावात कास्पारोव्हने डी७ वर घोडा आणण्याचीच शाखा निवडली, सातव्या खेळीत एच६ खेळला, संगणकाने ई६ वर घोडा बळी दिला आणि १९ खेळ्यांत डाव संपला.