एकाच पॅनमधील सॉसेज आणि भाज्या

सॉसेज आणि भाज्यांच्या फोडी एकाच पसरट पॅनमध्ये किंवा ओव्हनच्या ट्रेमध्ये शिजवून केलेले पूर्ण जेवण. चिराचिरीसकट साधारण तासाभरात होते आणि घासायला भांडे एकच पडते. पण या पदार्थाची खरी गंमत वाचलेल्या कष्टांपेक्षा सॉसेजमधून सुटणाऱ्या चरबीत आहे.

खिमा, चरबी, मीठ आणि मसाले कालवून आतड्याच्या किंवा कोलॅजेनच्या पातळ आवरणात भरले की सॉसेज तयार होते. हे नावच ‘खारवलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. ताजे सॉसेज तापू लागले की चरबी वितळून पॅनमध्ये उतरते आणि मिरी, लसूण, बडीशेप अशा मसाल्यांचा वास सोबत घेऊन येते. भाज्या त्यातच परतल्या जातात. म्हणून वरून तेल चमचा-दोन चमचेच लागते आणि मीठ तर शेवटी चव बघूनच घालावे. चिकनच्या सॉसेजला चरबी कमी सुटते. तिथे तेलाचा हात थोडा सैल हवा.

सगळे एकदम टाकले तर बटाटा कच्चा राहतो आणि टोमॅटोचा लगदा होतो. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापवून बटाटा-गाजराच्या दोनेक सेंटिमीटरच्या फोडी आधी पंधरा मिनिटे ठेवाव्यात. मग सॉसेज, कांदा आणि भोपळी मिरची घालून आणखी पंचवीस मिनिटे. टोमॅटो किंवा ब्रोकोली शेवटच्या दहा मिनिटांत. शेगडीवर करताना मात्र आधी सॉसेज मध्यम आचेवर सगळीकडून लालसर करून बाजूला काढतात, त्याच चरबीत भाज्या परततात आणि सॉसेज शेवटी परत घालून पूर्ण शिजवतात. धुरावलेले, आधीच शिजवलेले सॉसेज असेल तर ते शेवटच्या पंधरा मिनिटांतच घालावे, नाहीतर चिवट होते.

सर्वांत जास्त बिघडते ते गर्दीने. फोडी एकमेकींवर रचल्या की सुटलेले पाणी उडून जात नाही आणि पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर चढत नाही. खरपूस रंग आणि वास देणारी मेलार्ड अभिक्रिया (फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मेलार्ड यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली) साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. कानाला हे लगेच कळते: चुरचुर आवाज येत असेल तर भाजी भाजली जाते आहे, बुडबुड येत असेल तर उकडते आहे. फोडी एका थरात, मध्ये बोटभर जागा सोडून पसराव्यात. मावत नसतील तर दुसरा ट्रे घेतलेला बरा.

सॉसेजला काट्याने टोचायची सवय पुष्कळांना असते. ती सोडावी. भोकांतून रस निघून जातो आणि आतला खिमा कोरडा पडतो. आवरण फुटू नये म्हणून आच मध्यम ठेवणे पुरते. शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. वरून तपकिरी झालेले सॉसेज आत कच्चे असू शकते. मधोमध तापमान डुकराच्या किंवा गोमांसाच्या सॉसेजमध्ये ७१, तर चिकनच्या सॉसेजमध्ये ७४ अंश असावे.

शेवटी पॅनच्या तळाला तपकिरी थर चिकटलेला असतो. तो धुऊन टाकणे म्हणजे निम्मी चव मोरीत ओतणे. पॅन गरम असतानाच दोन चमचे पाणी किंवा व्हिनेगर घालून लाकडी उलथन्याने तो खरवडावा आणि झालेला दाट रस भाज्यांवर ओतावा.