शारदा सदनाचे उघडे दार आणि पुण्यातली ख्रिस्ती साक्ष

रविवारी मंडळीसमोर उभे राहून साक्ष देणे सोपे, सोमवार ते शनिवारची साक्ष अवघड, असे पाळक नेहमी सांगतात. शेजाऱ्याने, कचेरीतल्या सोबत्याने, दूधवाल्याने आपल्या वागण्यावरून ख्रिस्त ओळखावा, ही त्यामागची अपेक्षा. पुण्यात या अपेक्षेला एक जुना पेच चिकटलेला आहे. श्रद्धा दिसू दिली की ती कुणाच्या तरी डोळ्यांवर येतेच. मग ती नुसती दिसली की तिने कुणाला ओढून नेले, यावर वाद सुरू होतो. तो वाद सर्वांत कडाक्याने झाला १८९३ साली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणून या टिपणाचा मोठा भाग त्या सालालाच दिला आहे.

त्याआधीचे थोडक्यात. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या नोकरीतल्या पोर्तुगीज अंमलदारांसाठी देवळाला जागा मिळाली. त्यांच्याकडून साक्ष वगैरेची अपेक्षा कुणाची नव्हती. ते चाकरीला होते, चाकरी करत. १८१८नंतर छावणी आली, तिची चर्चे आली, मिशनच्या शाळा आल्या. एखाद-दुसरा उच्चवर्णीय तरुण बाप्तिस्मा घेई आणि त्याच दिवशी घराला मुके. पाणवठा बंद, पंगत बंद, भाड्याने खोली मिळायची नाही. निवारा उरे तो मिशनच्या कंपाउंडात. आता कंपाउंडात राहणाऱ्याचे आचरण चांगले आहे की वाईट, हे पेठेतल्या माणसाने बघायचे कुठून? धर्मांतर शहराला दिसे, धर्मांतरानंतरचे जगणे दिसत नसे. ख्रिस्ती माणसाच्या हातचा कपभर चहा काय करू शकतो, हे ऑक्टोबर १८९०च्या पंचहौद मिशनमधल्या प्रसंगाने दाखवलेच. तिथे चहा घेतला म्हणून पुण्यातल्या नामवंतांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, चालले आणि काहींनी प्रायश्चित्ते घेतली.

या चहाचा बोभाटा व्हायचा होता तेव्हाच, म्हणजे नोव्हेंबर १८९०मध्ये, पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्याला हलवले. उच्चवर्णीय विधवांसाठी वसतिगृह आणि शाळा. पैसा अमेरिकेतल्या बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, दहा वर्षांच्या कबुलीने. चालवणारी बाई १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेली. अट अशी की सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही. मुलींनी आपापले सोवळे पाळावे, उपासतापास करावेत, स्वयंपाक त्यांच्या जातीच्या रीतीने व्हावा. कपाटात हिंदू धर्मग्रंथांशेजारी बायबल. देखरेखीसाठी पुण्यातल्या प्रतिष्ठित सुधारकांची सल्लागार समिती. गंमत अशी की पहिली कुरकूर हिंदूंकडून आली नाही. मिशनऱ्यांचेच म्हणणे होते की ख्रिस्ताचे नाव न घेता चालवलेली ही कसली ख्रिस्ती संस्था!

पुण्यात आल्यावर कुरकुरीची दिशा बदलली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत स्वतःच्या लेकीला घेऊन प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. त्या कुणाला बोलावत नव्हत्या, येणारीला हाकलतही नव्हत्या. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यातल्या एका वजनदार वृत्तपत्राने आरंभी सदनाचे स्वागत केले होते, त्यानेच पुढे झोड उठवली. पालकांत कुजबुज सुरू झाली. ऑगस्ट १८९३मध्ये सल्लागारांनी बोस्टनला पत्र पाठवून अंग काढून घेतले. सदनाच्या बाजूने लोकांचे बोल सोसणारे तेच होते, त्यामुळे हा घाव वर्मी बसला. वीस-पंचवीस मुलींना पालक घरी घेऊन गेले. घरी म्हणजे कुठे, हेही लक्षात घ्यावे: केशवपनाकडे आणि माजघराच्या कोपऱ्याकडे.

सल्लागारांची बाजू पोकळ नव्हती. मुली अज्ञान, कित्येक तर दहा-बारा वर्षांच्या. विधवेला शिकायला पाठवणे हेच पालकांचे केवढे धाडस, ते सल्लागारांच्या शब्दावर केलेले. ज्या बाईच्या हाती अन्न, वस्त्र आणि माया, तिच्या प्रार्थनेचा ओढा वेगळा सांगावा लागत नाही. एक मुलगी बाटली असती तरी सुधारणेच्या सगळ्या कामावर बोळा फिरला असता, हा हिशेबही खराच. पुढच्या काही वर्षांत सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टीकाकारांना आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले.

तरीही मला सल्लागारांची मागणी न पेलणारी वाटते. मुलींना देवघर मोकळे आणि चालिकेने मात्र कडी लावून देवाचे नाव घ्यायचे, हा न्याय कुठला? रमाबाईंची भूमिका अशीच होती: मुलींना जी मोकळीक, ती मलाही. बोस्टनकरांनी चौकशी केली आणि पाठिंबा कायम ठेवला. त्याच वर्षी मार्चमध्ये सदनातल्याच गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. सदनात शिकलेली विधवा हिंदू राहूनच संसाराला लागली, याचा गवगवा मात्र धर्मांतराच्या संशयाइतका झाला नाही. उलट विधवाविवाह केला म्हणून कर्व्यांवर बहिष्कार पडला. पालक बिनघोर मुली पाठवतील अशी संस्था हवी, ही गरज या वादळाने उघडी केली. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, त्यामागे हेही होते.

पुढे रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली, प्लेगचे निर्बंध, आणि त्यांनीच केडगावला उभे केलेले मुक्ती मिशन. तिथे साक्ष लपवण्याचा प्रश्नच उरला नाही. १८९७च्या प्लेगात पुण्यातल्या इस्पितळात बायकांची होणारी परवड रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून मांडली. सरकारने ती नाकारली. गोऱ्यांच्या पैशावर जगणारी म्हणून जिला हिणवले, तिनेच गोऱ्यांच्या सरकारला सुनावले, ही साक्ष पेठांच्या लक्षात फारशी राहिली नाही.

विसाव्या शतकात दोन वाटा फुटल्या. एक देशी वळणाची. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्तशिष्य बसायचे होते. त्यानंतर दहाएक वर्षांत शिवाजीनगरला आश्रम उभा राहिला. इंग्रज आणि मराठी ब्रह्मचारी खादी नेसून जमिनीवर जेवत, तेही शाकाहारी. १९७०च्या दशकात त्याच जागी कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी एकत्र आश्रम चालवला. अभ्यासकांना ही वाट फार आवडते.

दुसरी वाट गर्दीची. पुण्यातली बरीच मराठी ख्रिस्ती कुटुंबे नगर, जालन्याकडून आलेली, दलित जातींतली. त्यांच्या साक्षीला किंमत कागदावर पडली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ लिहिले की सवलत गेली. म्हणून दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरे, असे जगणारे लोक सापडतात. मंडळीत त्यांना नावे ठेवणारे असतात, पण फीची पावती नावे ठेवणाऱ्यांना भरायची नसते.

राहिला कायदा. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ठरवले. सल्लागारांचा आक्षेप अधिक नेमका उतरला आहे तो २८व्या अनुच्छेदात: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. कॅथलिक शाळांतली रीत त्याला धरूनच आहे. एकाच तासाला कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात, बाकीची ‘मॉरल सायन्स’ला बसतात.